हिराजीभाऊंची गस्त

आमच्या शेजारच्या हिराजीभाऊंना कुठल्याही दारातून सरळ आत जाता येत नाही. दार उघडं असो की लोटलेलं, स्वतःच्या घराचं असो की दुसऱ्याच्या, ते उंबऱ्याबाहेर थांबतात, तोंडाशी दोन्ही हात धरतात आणि आत "ओऽऽ" अशी आरोळी ठोकतात. मग मान वाकडी करून ऐकत राहतात. मनासारखं ऐकू आलं की पाय आत टाकतात. नाही आलं तर तिथेच उभे, मग तुम्ही चहा गार होईपर्यंत हाका मारा.

लग्न होऊन मी पळसदरीत आले, त्याच आठवड्यात मागच्या दारातून ही आरोळी आली आणि माझ्या हातातला साखरेचा डबा खाली पडला. सासूबाई निवांत. म्हणाल्या, "हिराजी आहे गं. त्याला ओ दे, म्हणजे येईल आत." मी ओ दिली. एक काळासावळा, उंच माणूस आत आला, सांडलेल्या साखरेकडे बघून म्हणाला, "वैनी, मुंग्या येतील हां."

हिराजीभाऊ रेल्वेत गँगमन होते. पावसाळ्यात घाटातल्या बोगद्यांतून गस्त घालायची त्यांची ड्यूटी असायची. दरड आली का, रुळावर दगड आहे का, पाणी कुठून झिरपतंय, हे चालत चालत बघायचं. सगळी नोकरी त्या काळोखात गेली, त्यामुळे दारं त्यांना बोगद्यासारखीच दिसतात. "आधी पुकारा, मग पाऊल," हे त्यांचं पालुपद.

"पण पुकारा कशाला? बोगद्यात कोण असणार?" मी एकदा विचारलं.

"म्हनून तं आवाज द्यायचा. बोगदा मोकळा असला तं आवाज सगळा परत येतो. आत कोन असला तं थोडा कमी येतो. तो खातो."

"कोण खातो?"

"जो आत असंल तो," असं म्हणून त्यांनी बशीतला चहा फुर्रकन ओढला. मी त्या रात्री मोरीत जाताना ह्यांना सोबत घेऊन गेले.

या पुकाऱ्यापायी त्यांनी काय काय करून ठेवलंय! कळंबला एका लग्नात नवरीच्या खोलीबाहेर अशी आरोळी मारली, की आत नवरीला मेंदी लावणारी बाई पलंगावर चढली. कर्जतला एटीएमच्या काचेबाहेर उभे राहून ओरडले, तर आतला माणूस हात वर करून "मी आहे, मी! एकटाच आहे!" म्हणत बाहेर आला. आम्ही सगळे हसायचो. पण एकदा माझ्या पडवीच्या दारात थांबून ते म्हणाले, "वैनी, आज कमी आला आवाज." मी हसून भाताची पोती सरकवली, तर मागे चांगली मनगटाएवढी धामण वेटोळं घालून बसलेली. तेव्हापासून ते "कमी आला" म्हणाले की मी आधी काठी हातात घेते आणि मग हसते.

मी मंदा. डबे देते. पळसदरीला आणि आसपास ज्या बंगल्यांची कामं चालतात, तिथल्या सुपरवायझरांना माझे डबे जातात. तोंडाने फटकळ आहे असं लोक म्हणतात, हाताला चव आहे असंही म्हणतात. दुसऱ्यासाठी पहिलं चालवून घेतात. हे सांगायचं कारण असं की पुढे जे झालं ते माझ्या डब्यावरून झालं.

हिराजीभाऊंची बायको सुमनताई. मऊ बोलायची, पण खट्याळ. त्यांची मुलगी कल्पना नाशिकला असते. तिने आईवडिलांना एकेक टॅब आणून दिला होता, नातवंडांची तोंडं बघायला. नातवंडांनी मे महिन्यात येऊन आजीला त्यात एक गेम शिकवला. सगळं जग ठोकळ्यांचं. डोंगर चौकोनी, झाडं चौकोनी, सूर्यसुद्धा चौकोनी. झाडं तोडायची, दगड फोडायचे आणि हवं ते बांधायचं. अंधार पडला की भुतं येतात, म्हणून जागोजागी मशाली लावायच्या. सुमनताईंनी आठवड्याभरात घर बांधलं, कोंबड्या पाळल्या, गहूसुद्धा पेरला. मला म्हणायच्या, "मंदा, इथं शेताला पानी दिलं की मोटारीचं बिल येत नाय बघ."

हिराजीभाऊ आधी म्हणाले, "पोरखेळ हाय." मग एक दिवस त्यांना त्या जगात एक डोंगर दिसला. चष्मा लावून बराच वेळ बघत बसले आणि म्हणाले, "हा तं आपला घाट!" झालं. दुसऱ्या दिवसापासून त्या डोंगरात बोगदा सुरू.

त्याची मजा सांगते. गेममधल्या बोगद्यात शिरण्याआधी भाऊ टॅब तोंडाशी धरून "ओऽऽ" करायचे. आत फार अंधार वाटला, तर उशाची बॅटरी घेऊन टॅबच्या काचेवर उजेड मारायचे. सुमनताई हसून हसून कोसळायच्या. "अवो, उजेड आत जातो का?" "जात नाय, पन आतल्याला कळतं, मानूस हाय," हे उत्तर.

सुमनताईंनी खरा बोगदा कधी पाहिला नव्हता. उभा जन्म त्यांनी भाकरी बांधून दिली, आणि ती भाकरी जिथे खाल्ली जायची ती जागा त्यांना ठाऊक नव्हती. भाऊंनीच मला सांगितलं होतं, की गस्तीला दोन माणसं असतात. एक पळसदरीच्या बाजूनं निघतो, दुसरा ठाकुरवाडीकडून. मध्यावर भेटतात, आपापला बिल्ला एकमेकांना देतात, म्हणजे दोघंही पुरते चालले याची खूण. मग बोगद्याच्या भिंतीतल्या कोनाड्यात बसून एकत्र फडक्यातली भाकर सोडतात आणि आपापल्या वाटेनं परत. भेट झाल्याशिवाय भाकर सोडायची नाही. दुसऱ्याच्या बीटमध्ये पाऊल टाकायचं नाही. आणि समोरचा आला नाही, तर बदलीचा माणूस येईपर्यंत जागा सोडायची नाही. बीट म्हणजे ज्याचा त्याचा चालायचा टप्पा.

तर भाऊ बायकोला म्हणाले, "मी इकडून खोदतो, तू तिकडून ये. मध्यात भेटू." टॅब दोन, पण आतलं जग एकच. ते दोघं ओट्यावर पाठीला पाठ लावून बसायला लागले, कुणी कुणाचं चोरून बघू नये म्हणून. मी भाजी निवडता निवडता ऐकायची.

"कुठवर आलात वो?"

"सांगनार नाय. तू तुजं बघ."

मागच्या श्रावणात सुमनताई गेल्या. दुपारी तांदूळ निवडता निवडता भिंतीला टेकल्या त्या तशाच. सूप मांडीवरच होतं. बोगदा जुळायचा राहिला.

तेव्हापासून भाऊंचा डबा माझ्याकडून जातो. माणूस शहाण्यासारखा जेवत होता. डबा घासूनपुसून परत यायचा, आणि डबा रिकामा परत द्यायचा नसतो म्हणून आत काहीतरी असायचंच. कधी कढीपत्ता, कधी दोन लिंबं, कधी परसातली ओली हळद.

या पावसाळ्यात मात्र डबा जड यायला लागला. आधी अर्धी भाकरी उरली. मग भात तसाच. मग एक दिवस मी झाकण उघडलं तर सकाळी मी भरला होता तसाच्या तसा. लोणच्याची फोडसुद्धा हललेली नाही. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी माझं टाळकं सरकलं. वालाचं बिरडं केलं होतं हो! वाल भिजवा, मोड आणा, एकेक सोला, आणि ते परत? मी पदर खोचला आणि निघाले भांडायला.

दुपारची वेळ. पण डोंगरावरून ढग असा खाली आला होता, की गावाजवळच्या धरणाची भिंत दिसत नव्हती. भाऊंच्या घराचं दार उघडं, आत दिवा नाही. मी उंबऱ्यात थबकले. खरं सांगते, तोंडातून आपोआप "ओऽऽ" निघालं. आतून कुणी ओ दिली नाही.

डोळे सरावले तेव्हा दिसलं, पडवीच्या कोपऱ्यात भाऊ पाट मांडून बसलेत. टॅबचा निळसर उजेड तोंडावर पडलेला. गालफडं आत गेलेली. त्या टॅबमधून एक आवाज येत होता, लांब कुठेतरी वारा घुमतो ना, तसा. मध्येच कुणीतरी कण्हल्यासारखा.

"भाऊ, बिरडं का परत—"

"हळू," त्यांनी बोट ओठावर ठेवलं. "आयका."

त्यांनी टॅबवर तोंड नेलं आणि हळूच पुकारा केला. मग मान वाकडी करून ऐकलं. मीही ऐकलं, काय करणार!

"कमी आला," ते पुटपुटले.

"अहो, टॅबमधून आवाज परत येतोय कसला! डोकं ठिकाणावर आहे का?"

त्यांनी टॅब माझ्याकडे फिरवला. अंधारा बोगदा. दोन्ही बाजूंना मशाली. समोर दगडाची सपाट भिंत, तिथे रस्ता संपलेला. आणि त्या भिंतीवर, म्हणजे भिंतीवर नाही, भिंतीच्या आत कुठेतरी खोल, पांढरी अक्षरं तरंगत होती. सुमन.

मी वाचलं. परत वाचलं. ती अक्षरं जराशी हलली.

पुढचं मला नीट आठवत नाही. मी आमच्या अंगणात होते, पायात एकच चप्पल होती, आणि ह्यांना काहीतरी सांगत होते. हे शांतपणे म्हणाले, "बरं झालं बाई. तुला कशाची तरी भीती वाटते, हे एकदाचं कळलं." यांना काय, चप्पल यांची गेली नव्हती.

मी नाशिकला कल्पनाला फोन लावला. ती म्हणाली, "काकू, आईचा टॅब बाबांकडेच आहे. तिच्या फोटोशेजारी ठेवलाय. मी मागितला तर दिला नाही. ते रोज तोही चालू करत असतील. त्या गेममध्ये माणूस दगडाआड असला तरी त्याचं नाव दिसतं, काकू. आई तिच्या बाजूला उभी असेल." मग तिने विचारलं, "पण ते जेवत नाहीत? मला तर रोज सांगतात, वैनीचा डबा एक नंबर, पोटभर जेवलो." आणि ती रडायला लागली. मी तिला म्हटलं, "रडू नकोस. उद्या जेवतील. नाही जेवले तर मी नावाची मंदा नाही." म्हटलं खरं, पण रात्रभर ती अक्षरं माझ्या डोळ्यांसमोरून जाईनात.

दुसऱ्या दिवशी डबा मी स्वतः घेऊन गेले. ढग तसाच उतरलेला. माझी चप्पल भाऊंनी उंबऱ्याशी नीट लावून ठेवली होती. आत बघितलं, तर खरंच, सुमनताईंच्या फोटोजवळ दुसरा टॅब उभा केलेला, वायर लावलेला. त्यात एक दगडी कोनाडा, चारी बाजूंना मशाली. आत त्यांची ठोकळ्यांची बाहुली उभी असणार, बाहेर बघत. कुणी हात लावला नव्हता तरी ते चित्र श्वास घेतल्यासारखं किंचित खालीवर होत होतं. मी तिकडे पाठ केली. मग पाठीवर कुणी बघतंय असं वाटायला लागलं, म्हणून परत तोंड केलं.

"हे काय चाललंय, भाऊ?"

"गस्त सुरू झाली ना. पावसाळा हाय." मग बोट दाखवून म्हणाले, "माजी बाजू पुरी झाली. ही मधली भित्ताड तेवढी राहिली. पातळ हाय. हात घातला तं पडंल."

"मग पाडा की!"

"माज्या बाजूनं कशी पाडू? अर्धी तिची हाय."

"आणि जेवण?"

"भेट झाल्याबिगर भाकर सोडत नाय, वैनी. तुमाला म्हाईत हाय."

माझा तोल गेला. जे बोलायला नको तेच मी बोलले. "अहो, त्या यायच्या नाहीत आता! तुम्हीच नेलंत ना त्यांना खांद्यावर?"

ते रागावले नाहीत. "म्हाईत हाय मला," म्हणाले. "मी येडा नाय. पन गस्तीवरचा मानूस माघारी फिरतो कधी? समोरचा भेटला तं, नाय तं बदली आली तं. दोनी नाय झालं, तं कसा फिरू? आनि तिला तिकडं काळोखात ठेवून मी इकडं जेवायला बसू? घास उतरत नाय. लय प्रयत्न केला. तुमचं बिरडं चांगलं होतं, वासावरनं कळलं."

त्या टॅबमधला वारा घुमत होता. मला त्या माणसाचा राग आला, आणि दयाही आली.

"मग बदली मागवा ना!"

"कोनाला मागवू? कोन येनार?"

मी डबा खाली ठेवला. पदराला हात पुसले. सुमनताईंच्या फोटोला नमस्कार केला आणि तो टॅब उचलला. "मी आले बदलीवर. सांगा कुठे दाबायचं."

भाऊ उठले, वायर काढली, माझ्या बोटाशी बोट नेऊन दाखवलं. मग आपल्या पाटावर जाऊन बसले, माझ्याकडे पाठ करून.

मला ते चालवता येईना. कधी मी आभाळच बघत होते, कधी स्वतःचे पाय. एक मशालच उपटून काढली. भाऊ तिकडून, "काय तुटलं?" मी म्हटलं, "काही नाही, तुमचं तुम्ही बघा!" मग जरा जमायला लागलं. कोनाड्यातून निघून मी बोगद्यात शिरले, सुमनताईंच्या बोगद्यात.

तो बोगदा भाऊंच्या बोगद्यासारखा नव्हताच. थोड्या थोड्या अंतरावर कोनाडा, आणि प्रत्येक कोनाड्यात एक कुंडी, कुंडीत फूल. लाल, पिवळी, पांढरी. कुठे चिटपाखरू नाही, मशाली हलतायत, मागे कुणीतरी हळू पावलं टाकत येतंय असं वाटतंय, आणि आपलं दोन्ही बाजूंना फुलं, फुलं. माझ्या अंगावर काटा आला. भीतीचा होता की कशाचा, अजून सांगता येत नाही.

"भाऊ, इथे ना—"

"सांगू नका," ते पाठमोरेच म्हणाले. "तिची बाजू हाय. सांगू नका."

मी चालत राहिले. पुढे दगड आला. आणि त्या दगडाच्या आत खोलवर पांढरी अक्षरं होती. हिराजी. आता मला कळलं, भाऊ रोज काय बघत होते. मी बोट दाबून धरलं. ठक, ठक, ठक. दगडाला तडे गेले. इकडून ठक, तिकडून ठक. भाऊही खोदायला लागले होते. शेवटचा दगड फुटला आणि समोर एक चौकोनी माणूस हातात मशाल घेऊन उभा.

माझ्या मागे पाट सरकल्याचा आवाज आला. भाऊ उभे राहिले होते. टॅब दोन्ही हातांत धरलेला. त्यांच्या काचेवर मी नव्हते. अंधारातून फुटून सुमन आली होती, डोक्यावर नाव घेऊन. मला हे नंतर सुचलं. तेव्हा मी आपली विचारत होते, "आता बिल्ला द्यायचा ना? कुठंय बिल्ला?"

"पिशवीत बघा," भाऊ कसंबसं म्हणाले. "तीन ठिपके हायत तिथं दाबा. जे असंल ते द्या."

मी दाबलं. पिशवी उघडली. आत सोनं नव्हतं, हिरे नव्हते. सगळ्या चौकटींत एकच वस्तू होती. मी नीट बघायला टॅब डोळ्यांजवळ नेला.

"भाऊ, पाव आहेत."

"काय?"

"पाव. पिशवीभर पावच आहेत. दुसरं काहीच नाही." या गेममध्ये भाकरी मिळत नाही, गव्हाचा पावच करता येतो. म्हणून सुमनताई गहू पेरत होत्या. त्या तिकडून जेवण घेऊन निघाल्या होत्या.

मी एक पाव बाहेर ओढला. तो दोघांच्या मध्ये जमिनीवर पडला आणि चौकोनी माणसाने तो उचलला. टप्प, एवढाच आवाज झाला. भाऊ पाटावर बसले. रडले ते, मोठ्यांदा रडले. सुमनताई गेल्यावर मी तेरा दिवस त्या घरात होते, तेव्हा या माणसाच्या डोळ्यांत पाणी पाहिलं नव्हतं. मीही रडले, त्यात काय लपवायचं?

मग ते उठले, मोरीत जाऊन हात धुतले, डबा उघडला. भाकरीचे दोन भाग केले आणि अर्धा माझ्यापुढे ठेवला. माझं जेवण झालं होतं. पण बदलीचा माणूस नाही कसं म्हणणार! आम्ही जेवलो. त्यांनी भाजी पुसून खाल्ली, भात संपवला, लोणच्याची फोड चोखली. मी कल्पनाला फोन करायचं ठरवलं आणि डबा घेऊन मोरीत घासायला बसले.

बाहेर ढग जरा वर सरकला होता. माझं अर्धं लक्ष डब्यात, अर्धं पडवीत. भाऊंनी टॅब परत हातात घेतला होता. टॅबमध्ये त्यांची पावलं वाजत होती, ठक ठक, दगडावरून. भिंत आता नव्हतीच. ते दुसऱ्याच्या बीटमध्ये चालले होते. मग पावलं थांबली. पुन्हा थोडी वाजली, पुन्हा थांबली. आणि त्यांचा आवाज आला, इतका हळू की मी नळ बंद केला.

"अगं, फुलं कशाला लावलीस गं? इतक्या आत कोन बघायला येनार होतं?"